माणसं पाठवणारे भिंगरीभाऊ

पोरांनो, मागच्या रविवारी तुम्ही दोघं फोनवर होतात. थोरला म्हणाला, "आजी, कंपनी मला काही महिने दुसऱ्या देशात पाठवते आहे. तिथल्या गिऱ्हाइकाकडे बसून काम करायचं. विमानतळावर कोणी विचारलं तर मीटिंगला आलोय म्हणायचं, असं ऑफिसनं सांगितलंय." धाकटी हसली आणि म्हणाली, "आजी, सगळेच तसं करतात." फोन ठेवला आणि तेव्हापासून मला चैन पडेना. कपाट लावलं, लावलेलं पुन्हा लावलं. अंगणात गेले, कशासाठी आले ते विसरून परत आले. शेवटी लक्षात आलं, मी भिंगरीभाऊंसारखी फिरते आहे. तेव्हा म्हटलं, त्यांच्याबद्दल तुम्हाला लिहावं, आणि तू विमानात बसायच्या आत लिहावं.

हे इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं. माझं शिक्षण इंग्रजीत झालं आणि नोकरीत जन्मभर मी इंग्रजी पत्रंच लिहिली. पण हा माणूस इंग्रजीत उभाच राहत नाही. मराठीतही तो एका जागी उभा राहत नसे, ही गोष्ट वेगळी.

चंद्रपूरला मी ज्या कंपनीत होते तिचं काम तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. सिमेंटच्या कारखान्यात एक लांबच लांब फिरती भट्टी असते. तिच्या आतून खास विटांचं अस्तर असतं. ते झिजलं की भट्टी थंड करायची, माणसांनी आत शिरायचं, जुन्या विटा काढायच्या, नव्या बसवायच्या. राजुऱ्याकडे, पोंभुर्ण्याकडे, मुलचेऱ्याच्या बंगाली वस्त्यांत या कामात हात बसलेली माणसं होती. आमची कंपनी त्यांना पगारावर ठेवी आणि कारखान्यांना पाठवी. पुढे परदेशातून बोलावणी यायला लागली. काम थोड्या आठवड्यांचं, मग माणसं परत. त्या पाठवण्याची कायदेशीर बाजू सांभाळायला मालकांनी एक अधिकारी नेमला. तेच हे. मूळ गडचिरोलीकडचे, नागपूरला वकिलीची परीक्षा दिलेले, कोर्टात मात्र कधी उभे न राहिलेले. "तिथी न्यायाधीश बसते अन् वकिलाले एका जाग्यावर उभं राहा लागते, मले जमत नाई," असं ते सांगत.

बसणं त्यांना माहीतच नव्हतं. त्यांच्या खोलीत एकच खुर्ची होती आणि ती येणाऱ्यासाठी. फायली खिडकीच्या कट्ट्यावर उभ्या रचलेल्या. ते वाचायचे चालत, जेवायचे चालत. पोळीत भाजी गुंडाळून हातात धरलेली, एक घास माझ्या टेबलाशी, दुसरा हिशेबनिसांच्या, तिसरा फाटकावरच्या चौकीदारापाशी. कामगारांनीच त्यांना भिंगरीभाऊ नाव ठेवलं. त्यांना ते माहीत होतं. एकदा चौकीदारानं तोंडावरच तसं म्हटलं तर रागावले नाहीत. म्हणाले, "भिंगरी थांबली का पडते बे. म्हनून फिरून राह्यलो."

आमची माणसं परदेशी गेली की भाऊंचं मनगटी घड्याळ त्या देशाच्या वेळेवर जाई. नुसतं घड्याळ नाही, माणूसच जाई. तिकडे उजाडलं की इकडे हे ऑफिसात हजर, तेव्हा आमची अर्धी सकाळ सरलेली असे. आम्ही चहाला उठलो की हे डबा उघडत. "त्याइची आता जेवणाची सुट्टी झाली, बाई." त्यांची बायको एकदा ऑफिसात येऊन मला म्हणाली, "बाई, तुमी तरी सांगा यायले. घरी आमी निजाची तयारी करतो अन् हे म्हनते, अजून तं ऊन हाय." मी सांगितलं. भाऊ म्हणाले, "माणूस तिथी अन् मी इथी, कमीत कमी घड्याळ तरी त्याच्या संगं असू द्या."

त्यांचं काम काय होतं ते त्यांच्याच शब्दांत सांगते, कारण पुस्तकातली व्याख्या मी पुष्कळदा टाइप केली पण कळलं ते त्यांच्या तोंडून. ते म्हणत, "पाठवलेला माणूस म्हंजे उसना देल्ला विळा. धान कापाले शेजाऱ्याले देल्ला म्हनून तो काई त्याचा होत नाई. अन् परत येईन तवा धार तशीच पायजे." म्हणजे असं, की माणूस आपल्याच पगारावर राहतो, पण उभा असतो दुसऱ्याच्या जमिनीवर. म्हणून त्याच्यावर दोन्हीकडचे नियम लागतात. तिथला कायदा सांगतो त्याहून कमी मजुरी द्यायची नाही. तिथली आठवड्याची सुट्टी द्यायची. काम सुरू होण्याआधी तिथल्या सरकारला कळवायचं. भविष्य निर्वाह निधी इथं भरतो आहोत असा दाखला न्यायचा. कागद तिथल्या भाषेत करून कामाच्या जागेवर ठेवायचे. आणि कामाला जायचं तर कामाचाच व्हिसा घ्यायचा.

या शेवटच्या मुद्द्यावर, थोरल्या, तुझ्यासाठी एक गोष्ट. एकदा दोन माणसं तातडीनं हवी होती. मालकांनी घाईनं मीटिंगचा व्हिसा काढला. निघायच्या दिवशी माणसं बॅगा घेऊन ऑफिसात आली. भाऊंनी एक बॅग उचलली, वजन पाहिलं, सगळ्यांदेखत उघडली आणि आतून हातोडा काढला. तो हातात धरून ते मालकांच्या खोलीत गेले.

"मालक, मीटिंगले हातोडा घेऊन कोन जाते? तिथी चर्चा करतेत का कपाळ फोडतेत?"

मालक म्हणाले, "अहो भाऊ, विचारतंय कोण?"

"कोनी नाई विचारलं तं ठीक. पन विचारलं तं खोटं कोनाले बोला लागन? तुमाले का त्याले?"

माणसं त्या दिवशी गेली नाहीत. गिऱ्हाईक चिडलं, मालक चिडले, आणि सगळ्यांत जास्त चिडली ती दोन माणसं. त्यांनी गावात जेवण घातलं होतं, हार घालून घेतले होते. एकानं भाऊंना फाटकाबाहेर गाठून चांगल्या शिव्या दिल्या. भाऊ त्याच्याभोवती गोल फिरत त्या ऐकत राहिले आणि संपल्यावर म्हणाले, "झालं? आता खऱ्या व्हिसाच्या कागदावर सही कर."

आता ज्या प्रसंगामुळे हा माणूस माझ्या डोक्यातून जात नाही, तो सांगते.

युरोपातल्या एका थंड देशातलं काम आलं होतं. मे महिना होता. चंद्रपूरचा मे तुम्ही पाहिलेला नाही, त्यामुळे एवढंच सांगते की त्या दिवसांत दाराच्या कडीलाही हात लावण्याआधी माणूस विचार करतो. अशा उन्हात भाऊ कँटीनमध्ये लग्नातला कोट घालून आले. प्रत्येक तुकडी निघण्याआधी ते असा तमाशा करत. स्वतः तिकडचे सरकारी निरीक्षक व्हायचे आणि कामगारांची उलटतपासणी घ्यायचे. आपल्याकडच्या माणसांना साहेब दिसला की "सगळं बरं हाय साहेब" एवढंच म्हणायची सवय, ती त्यांना मोडायची होती.

"तुज्या मालकाचं नाव काय?"

"वारलूकाका," एक जण म्हणाला. सगळे हसले. वारलूकाका तुकडीचे मुकादम, राजुऱ्याजवळच्या खेड्यातले, साठीला टेकलेले. निम्म्या माणसांना काम त्यांनीच शिकवलेलं.

"काका मुकादम हाय, मालक नाई! कंपनीचं नाव सांग. सुट्टी कोन्त्या दिवशी?"

"काम नसन त्या दिवशी."

"बाप्पा रे! काम असन तरी सुट्टी असते तिथी. पुन्हा सांग."

भाऊ घामानं निथळत होते. विलास नावाचा पोंभुर्ण्याचा एक विटा लावणारा मागून म्हणाला, "साहेब, कोट काढा. तिकडच्या साहेबाले एवढा घाम येत नाई, आमी ओळखून राह्यलो तुमाले."

मग पासपोर्टचं आलं. ते भाऊंचं सगळ्यांत आवडतं.

"पासपोर्ट मालकाले देनार?"

"नाई!"

"एजंटाले?"

"नाई!"

"तिथच्या साहेबाले, ठेवाले मागतला तं?"

"नाई!"

"अन् मले?"

माणसं घुटमळली. मग काका म्हणाले, "तुमाले बी नाई."

भाऊंनी टाळी वाजवली. "शाब्बास! ज्याचा पासपोर्ट त्याच्याच अंगावर."

तुकडी गेली. भाऊंचं घड्याळ मागे गेलं. काही दिवस सगळं सुरळीत होतं. मग एका दुपारी मालकांच्या खोलीतून आवाज आला आणि मी आत गेले तर मालकांचा चेहरा उतरलेला. तिकडे कामाच्या जागेवर तपासणी झाली होती. कागद सगळे बरोबर निघाले होते, मजुरी बरोबर, सुट्टी बरोबर. पण माणसांना पासपोर्ट मागितले तर सगळ्यांनी काकांकडे बोट दाखवलं. काकांनी शर्ट वर केला. पोटाला एक कापडी पिशवी बांधलेली आणि तिच्यात सगळ्यांचे पासपोर्ट.

तिकडच्या लोकांच्या दृष्टीनं याचा अर्थ एकच होत होता. दुसऱ्याचा पासपोर्ट ताब्यात ठेवून त्याच्याकडून काम करून घेणं, म्हणजे वेठबिगारी. त्यांनी काकांना वेगळ्या खोलीत बसवलं होतं. पोलिसांना बोलवायचं की नाही हे कंपनीचं म्हणणं ऐकून ठरणार होतं. वारलूकाका, ज्यांनी जन्मात कोणाचा खिळा घेतला नव्हता, ते परक्या मुलखात गुन्हेगार ठरायच्या बेतात होते.

भाऊंना सांगितलं तेव्हा ते व्हरांड्यात फेऱ्या मारत होते. ऐकलं आणि कपाळावर हात मारला. त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. आपल्याकडे चार माणसं जत्रेला निघाली की पैसे, तिकिटं, चपलांचा नंबर, जे काही मोलाचं ते सगळ्यात वडील माणसाकडे देऊन मोकळी होतात. भट्टीत घामानं कागद भिजतो, काका बाहेर थांबतात, मग काकांकडेच द्यायचा ना?

"मी मालक म्हनलं, एजंट म्हनलं, साहेब म्हनलं," भाऊ व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बडबडत होते. "मले सुद्धा नोका देऊ म्हनलं. पन काका? काका काय परका हाय का, बाई? माझ्याच डोक्यात नाई आलं. मी बी मार्कंड्याच्या जत्रेत मोठ्याबाकडेच देत होतो सारं." मोठाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ.

मालकांनी नागपूरच्या सल्लागाराला फोन केला होता, तो योगायोगानं चंद्रपुरातच होता. तो आला आणि त्याला वाट लगेच सापडली. माणसांना शिकवल्याच्या सह्या आपल्याकडे आहेत. पासपोर्ट कोणाला देऊ नका हे सांगितल्याचा पुरावा आहे. मग सांगून टाकायचं, मुकादमानं कंपनीची सूचना मोडली, त्याचा आम्ही निषेध करतो, त्याला कामावरून काढतो. कंपनी मोकळी.

"अन् काका?" भाऊंनी विचारलं.

"त्यांचं ते बघतील. नियम मोडलाच आहे ना त्यांनी?"

भाऊ खिडकीशी गेले, दाराशी गेले, परत आले. "मालक, तुमी मले ठेवलं माणसं पाठवाले. एक माणूस तिथीच सोडून द्याले नाई ठेवलं." मालक टेबलावरचे कागद चाळायला लागले, आणि भाऊंनी तीच परवानगी समजली.

व्हिडिओवर बोलणं ठरलं. तिकडे निरीक्षक बाई होत्या, पांढरे केस बारीक कापलेले, आवाजात राग नाही आणि ओलावाही नाही. त्यांच्या शेजारी इंग्रजी बोलणारा एक दुभाषी. इकडे भाऊ आणि मी. भाऊंचं मराठी मी इंग्रजीत करणार, तो ते त्यांच्या भाषेत करणार. भाऊ एका जागी बसतील तर शपथ! ते कॅमेऱ्यासमोरून जात, परत येत, आणि त्या बाई पुन्हा पुन्हा म्हणत, "त्यांना दिसेल असं थांबायला सांगा."

"सांगा त्याइले," भाऊ मला म्हणाले, "चूक मुकादमाची नाई. चूक माझी हाय. शिकवणारा मी. मी साऱ्याइची नावं घेतली, वडील माणसाचं नाई घेतलं."

सल्लागार माझ्या कानाशी वाकला. "बाई, ते 'माझी चूक' तेवढं गाळा. कंपनीच्या अंगाशी येईल."

भाऊंना ऐकू गेलं. "बाई, जसं हाय तसं."

मी जसं होतं तसं सांगितलं. मग भाऊंनी जत्रेची रीत सांगितली, भट्टीतला घाम सांगितला, विश्वासाचं सांगितलं. मला वाटलं, झालं, आता कोणालाही पटेल. त्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं, लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "त्यांचा विश्वास आहे की नाही हे मी विचारत नाही. यातल्या एखाद्या माणसाला आत्ता, या क्षणी, घरी जावंसं वाटलं, तर तो जाऊ शकतो का? एवढंच मला कळायला हवं."

भाऊ थांबले. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं थांबलेलं पाहिलं नव्हतं. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून ते पडद्याकडे बघत राहिले.

"हे बरोबर हाय," ते हळू म्हणाले. "सांगा बाई, त्याइचं बरोबर हाय. काकाले बाहेरच राहू द्या. पिशवी टेबलावर ठेवा. एकेकाले आत बोलवा, त्याचा त्याले घेऊ द्या, अन् हेच विचारा."

पडदा बंद झाला. एकेकाला विचारून होईपर्यंत आम्हाला काही कळणार नव्हतं. भाऊ पुन्हा फिरायला लागले, आणि खरं सांगते, त्या दिवशी मीही त्यांच्यामागे फिरत होते. मालक फोन उचलून ठेवत होते. माणसं काय सांगणार याची आम्हाला खात्री होती. सगळे म्हणणार, आम्ही खुशीनं आलो, काका बापासारखे आहेत, प्रकरण मिटलं.

पडदा पुन्हा लागला. दुभाषी म्हणाला, एकानं घरी जायचं आहे असं सांगितलं. विलासनं.

मालक ओरडलेच, "काय झालं त्याला? पैसे कमी पडले? कोणी काही बोललं?"

तसं काही नव्हतं. विलासनं एवढंच सांगितलं होतं, की तिथं अंधार पडतच नाही, झोप लागत नाही, भट्टीत शिरताना आता छाती धडधडते, जीव लागत नाही. पहिल्या आठवड्यापासून जायचं मनात होतं. मग बोलला का नाही? तर पासपोर्ट काकांकडे. मागायचा म्हणजे काकांवरचा विश्वास उडाला असं दिसणार. काका रागावले नसते. समजावलं असतं. आणि समजावलं की त्याला नाही म्हणता आलं नसतं.

सल्लागार कपाळाला हात लावून बसला. याच्याहून वाईट काय सांगता आलं असतं? पण भाऊ म्हणाले, "बाई, त्याइले सांगा, पहिलं विमान असन त्यानं आमी त्याले आणतो. कारण विचारत नाई."

त्या निरीक्षक बाईंनी पहिल्यांदा मान वर करून भाऊंकडे नीट पाहिलं. पोलिसांना बोलावलं नाही. कंपनीला दंड झाला, लेखी ताकीद मिळाली. काकांना त्यांनी त्याच दिवशी सोडलं, पण सोडताना आपल्या शेजारी बसवून दुभाष्याकरवी सगळं समजावून सांगितलं. काका नंतर मला म्हणाले, "ते बाई वाईट नोहोती. पन मास्तरीण होती."

विलास आला. भाऊ त्याला घ्यायला नागपूरला गेले आणि विमानतळाबाहेर इतक्या फेऱ्या मारल्या की तिथल्या शिपायानं त्यांना हटकलं. बाकीची तुकडी काम संपवून परतली. कँटीनमध्ये काका आणि विलास समोरासमोर आले. आम्ही सगळे कान टवकारून.

"मी तुले अडवलं असतं काय रे?" काकांनी विचारलं.

"अडवलं नसतं, काका."

"मग मागतला काऊन नाई?"

"मागतला असता तं तुमी काय म्हनलं असतं?"

काकांनी खरोखर विचार केला. "म्हनलं असतं, आठ दिवस काढ, मन लागन."

"म्हनून."

काकांचे डोळे भरले होते, पण ते म्हणाले, "बरोबर हाय बाप्पा तुजं." त्यानंतर काकांनी कोणाची वस्तू म्हणून सांभाळायला घेतली नाही. बसस्टँडवर कोणी छत्री जरी पुढे केली तरी म्हणत, "तुजी तू धर."

भाऊंनी मात्र त्यानंतर कोटाचा तमाशा बंद केला. तुकडी निघण्याआधी ते एकेकाला आपल्या खोलीत बोलवायला लागले. दार लावायचे. मुकादम बाहेर, मालक बाहेर, मीसुद्धा बाहेर. आत फक्त विचारायचं, तुला जायचं आहे का? पहिल्याच वेळी दोघं नाही म्हणाले. काढलेली तिकिटं वाया गेली. मालक लाल झाले, "निदान कारण तरी विचारायचं होतं!" भाऊ त्यांच्या टेबलाभोवती फिरत म्हणाले, "कारण विचारलं का तो माणूस कारण शोधाले लागते, मालक. मग आपन त्याले समजावतो. अन् मग तो जाते."

भाऊ आता नाहीत. शेवटी नागपूरच्या दवाखान्यात होते. मी भेटायला गेले तेव्हा नर्स तक्रार करत होती की हे आजोबा पलंगावर राहतच नाहीत. वारलूकाका घरी असतात, त्यांना ऐकायला कमी येतं. विलास राजुऱ्याच्या बाजूला एका खाणीवर कामाला आहे, पुन्हा कधी परदेशी गेला नाही. कंपनी दुसऱ्यांनी विकत घेतली, नाव बदललं, आणि माणसं आता आणखी दूरच्या देशांत जातात. मागच्या महिन्यात मी पेन्शनच्या कामाला तिथं गेले होते. भाऊंच्या खोलीबाहेर बाकावर नवी तुकडी बसली होती. एकेकाला आत बोलवत होते. माणूस आत गेला की दार लागत होतं. नाही म्हणून बाहेर येणाऱ्याला अजूनही कोणी कारण विचारत नाही.